मापसाहेबांचं सोळाचं चाक

गाडी फाटकातून आत येताना गतिरोधकावर पोट टेकून बसली आणि पुढची वीस मिनिटं तिथून हलली नाही, त्यामुळे मापसाहेबांनी गाडी घेतल्याची बातमी कुणाला वेगळी सांगावी लागली नाही. अख्खी इमारत खाली उतरली. तळमजल्यावरचे डॉक्टर दवाखाना अर्धा टाकून आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे पेशंट आले, आणि त्यातला कंबरदुखीचा पेशंट सगळ्यात जोराने ढकलत होता असं नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र ढकलायला न वाकता गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"दोनच माणसं बसतात?" त्यांनी विचारलं.

"दोनच," मापसाहेब स्टिअरिंग धरून म्हणाले.

"मग एवढी लांब कशाला?"

गाडी लिंबू रंगाची होती, जुनी होती, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती, आणि स्पोर्ट्स कार म्हणवून घेण्यापुरता आवाज करत होती. तिच्यात चढायचं नसे, उतरायचं असे. आणि बाहेर यायचं म्हणजे आधी एक पाय, मग डोकं, मग थोडा विचार, आणि मग उरलेला माणूस.

मापसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनमापे कार्यालयात बत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं आणि कापडाच्या पट्ट्या तपासून त्यांवर शिक्का मारण्यात गेली, म्हणून ते नाव चिकटलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. या बत्तीस वर्षांत त्यांनी एकच धडा घेतला होता: लिहिलेल्या आकड्यावर जायचं नाही, आपण मोजायचं. किलो म्हणून ठोकलेलं वजन वापरून वापरून साडेनऊशे ग्रॅमचं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं स्वतःचं वजनसुद्धा त्यांनी आजवर मान्य केलेलं नव्हतं.

असा माणूस अशी गाडी का घेतो, याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण आपल्याला ते माहीत असायला हवं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं बसची वाट पाहत उभे होते. घरात तेव्हा नऊ माणसं, आणि नवराबायकोला एकमेकांशी बोलायचं तर बसथांब्यावर येऊन बोलावं लागे. समोर सिग्नलला अशीच एक दोघांची गाडी थांबली. बायको बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यात मागे कुणी बसतच नाही, नाही?" मापसाहेब म्हणाले, "तुला एकदा अशी आणीन." मग बस आली. ती हे विसरली असणार अशी त्यांची खात्री होती. ते स्वतः विसरले नव्हते. या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम होता, आणि बायकोला शेजारी बसवून या गाडीतून तिथे न्यायचं आणि परत आणायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. हातात सव्वीस दिवस होते.

बायकोने गाडीला प्रदक्षिणा घातली, फडक्याने एक चाक पुसलं आणि आपली अट सांगितली. "अहो, गाडी छान आहे. पण तपासणी होऊन पक्का कागद मिळाल्याशिवाय मी हिच्यात पाय ठेवणार नाही. बत्तीस वर्षं शिक्का नसलेल्या मापाने दूध घेऊ दिलं नाहीत. आता बिनशिक्क्याच्या गाडीत बसू?" मग पुन्हा खाली वाकून ती म्हणाली, "या टायरवर शेवटी पंधरा लिहिलंय. ते काय असतं?"

"लिहिलेलं असतं," मापसाहेब म्हणाले. "त्यावर जायचं नाही."

जुन्या गाड्यांची तपासणी वाहन कार्यालयात होते, आणि तडे गेलेल्या टायरवर तिथे गाडी पास होत नाही. या गाडीच्या चारही टायरना तडे होते. टायर नवे घ्यायचे तर चाकाचा आकार हवा. मापसाहेबांनी कपाटातून स्वतःचा पोलादी टेप काढला, चष्मा पुसला आणि चाकाच्या लोखंडी रिंगेवर या काठापासून त्या काठापर्यंत धरला. सोळा इंच, वर थोडंसं. चारही चाकं मोजली. प्रत्येक चाक तीनदा मोजलं. बारा वेळा सोळा इंच आणि वर थोडंसं आलं, तेव्हा त्यांनी वहीत 'सोळा' लिहून खाली सही केली. सही करायची कुणी सांगितली नव्हती, पण हाताला सवय होती.

चौकातल्या टायरवाल्याने एकदा गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पंधराचे लागतील साहेब."

"सोळाचे," मापसाहेब म्हणाले.

"साहेब, टायरवरच आहे की. पंधरा."

"आधीच्या मालकाने चुकीचे टायर चढवलेले असणार. मी बारा वेळा मोजलंय."

टायरवाला काहीतरी बोलणार होता. पण हा तोच टायरवाला, ज्याच्या इंजिन ऑइलच्या लिटरच्या डब्यावरून मापसाहेबांनी आठ वर्षांपूर्वी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याचा कान धरला होता. तो डबा काठोकाठ भरला की लिटर व्हायचा, आणि नियम असा की लिटरची रेघ आत असते, काठ त्याच्या वर सुटलेला असतो. त्या दिवशी मापसाहेबांनी त्याला पाऊण तास समजावलं होतं. त्यामुळे आता त्याने नुसता मापसाहेबांच्या हातातल्या टेपकडे पाहून घेतलं आणि सोळाचे चार टायर मागवले.

ते आले आणि बसले नाहीत. म्हणजे काठावरून चढताना नाकी नऊ आणले, आणि एकदा आत गेल्यावर मनगटातल्या सैल बांगडीसारखे गरागरा फिरायला लागले. टायरवाला हाताची घडी घालून उभा राहिला. मापसाहेबांनी बराच वेळ विचार केला. चढताना घट्ट, आत सैल. मग त्यांचा चेहरा उजळला, कारण असली लबाडी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

"रिंगा आतून झिजल्यात," त्यांनी निदान केलं. "वजनं झिजतात तशा."

"लोखंडाची रिंग आतून एक इंच झिजली, साहेब?"

"जुनी गाडी आहे," मापसाहेब म्हणाले, आणि त्या चारही रिंगा बाद ठरवल्या.

इथे मेहुण्याचा प्रवेश होतो. बायकोचा धाकटा भाऊ जन्मभर एकाच स्कूटरवर फिरला, पण गाड्यांबद्दल त्याला जी माहिती नव्हती ती माहिती जगात नव्हतीच. तो रविवारी जेवायला आला होता, तो गाडी आहे म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत थांबला.

"भावजी, झालं ते बरंच झालं," तो म्हणाला. "स्पोर्ट्स कारला मोठंच चाक शोभतं. चाक मोठं की गाडी वर उठते, गाडी वर उठली की तुमचा तो गतिरोधक पोटाला लागत नाही. टायर सोळाचे आहेतच, आता सोळाच्या रिंगा घ्या. माझ्या ओळखीचा दुकानदार आहे. तुम्ही ऑफिसला जा, मी सगळं करतो."

टायर बसत नाहीत म्हणून रिंगा विकत घेणं, म्हणजे बटण सापडलं म्हणून कोट शिवणं. हे मापसाहेबांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण दुसरा रस्ता म्हणजे बारा वेळा मोजलेलं माप चुकलं असं कबूल करणं, आणि त्या मानाने कोट शिवणं सोपं होतं. जुन्या रिंगा भंगारात द्यायच्या ठरल्या. बायकोने दिल्या नाहीत. "कुंड्या बसतात त्यांच्यावर नेमक्या," ती म्हणाली आणि चारही गॅलरीत घेऊन गेली.

मेहुण्याने सोळाच्या चकचकीत रिंगा आणल्या. त्यावर आधीचे टायर फार बारके दिसतात असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून टायरवाल्याकडून ते बदलून त्याने चांगले भरदार घेतले. रुंदीला जास्त, उंचीलाही जास्त. गाडी खरोखर वर उठली. गतिरोधकावरून अलगद गेली तेव्हा गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या, आणि मापसाहेबांनी हात वर करून त्या स्वीकारल्या. मग फाटकाबाहेर त्यांनी डावीकडे वळण घेतलं, आणि पुढचं चाक गाडीच्या पत्र्याला आतून घासून असा काही आवाज झाला की रस्त्यावरचं कुत्रं मान खाली घालून निघून गेलं.

उजवीकडे वळताना घासत नव्हतं. म्हणून आठवडाभर मापसाहेब फक्त उजवीकडे वळत होते. डावीकडे जायचं असेल तर तीनदा उजवीकडे वळलं की डावीकडे जाता येतं, हे भूमितीला धरून आहे, पण ऑफिसला पोचायला पाऊण तास लागू लागला. डॉक्टर म्हणाले, थोडी हवा कमी करून बघा, रक्तदाबालाही तोच उपाय असतो. सेक्रेटरी म्हणाले, आवाजाबद्दल एक अर्ज आलाय, अर्जदाराचं नाव मी सांगू शकत नाही, पण अक्षर माझं आहे. मेहुणा म्हणाला, घासून घासून जागा होईल.

त्याहून वाईट गोष्ट शेजारून चाललेल्या एका स्कूटरवाल्यामुळे कळली. मापसाहेबांच्या वेगाच्या काट्यावर चाळीस दिसत होते आणि स्कूटरवाला त्रेचाळीस म्हणत होता. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं, आणि काटा बिचारा जुन्याच हिशोबाने कमी दाखवत राहतो. म्हणजे बत्तीस वर्षं लोकांची खोटी मापं जप्त करणारा माणूस स्वतः एक खोटं माप डोळ्यांसमोर लावून गावभर फिरत होता. मापसाहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने काय झालं विचारलं, तर ते म्हणाले, पोट ठीक नाही.

महिना संपायला चार दिवस उरले असताना वाहन कार्यालयातली तारीख मिळाली. तिथला निरीक्षक तरुण होता आणि अतिशय अदबीने बोलत होता, त्यामुळे मापसाहेबांना तो लगेच खटकला. त्याने गाडीचे कागद उघडले, टेप काढला, पुढच्या चाकाची उंची जमिनीपासून वरपर्यंत मोजली, आणि मान हलवली.

"साहेब, कागदावर जे चाक आहे त्यापेक्षा हे पावणेदोन इंच मोठं आहे. पास होणार नाही."

"तुमच्या टेपवर शिक्का दिसत नाही," मापसाहेब म्हणाले.

"कसला?"

"पडताळणीचा. सरकारी कामात वापरायचं कुठलंही माप दरवर्षी पडताळून घ्यावं लागतं. बिनशिक्क्याच्या टेपने माझी गाडी नापास करता येणार नाही."

मागे रांगेत उभे असलेले लोक पुढे सरकले. तरुण निरीक्षकाने टेप उलटसुलट करून पाहिला. शिक्का होता, पण दोन वर्षं जुना. तो जराही चिडला नाही. "बरोबर आहे साहेब, आमचीच चूक. टेप पडताळणीला पाठवतो. तो येईपर्यंत तुमची गाडी आवारात राहू दे. पडताळणी कोण करतं?"

मापसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप रीतसर अर्जासकट त्यांच्या टेबलावर आला. कारकुनाने तो समोर ठेवला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. साहेबांच्या गाडीची हकीकत त्याला अर्थातच ठाऊक होती, ऑफिसात ती सगळ्यांना ठाऊक होती.

"साहेब, मी काय म्हणतो. हा अर्ज दोन दिवस राहू दे ना. परवा तुम्ही निवृत्त. नवीन साहेब यायला निदान महिना लागेल. टेप नसला की तिकडे गाड्या नजरेनेच पास करतात, मागेही असं झालंय. उद्या तुमची गाडी सुटेल. यात खोटं काहीच नाही. नुसती सही करायची राहिली, एवढंच."

मापसाहेबांनी हे ऐकलं नाही असं म्हणणं खोटं होईल. त्यांनी ते नीट ऐकलं. डोळ्यांसमोर गाडी आली, शेजारच्या सीटवर बायको आली. सही राहून जाणं हा काही गुन्हा नव्हता, सरकारी ऑफिसात तर तो दिनक्रम होता. टेपवर हात ठेवून ते पाच मिनिटं बसले. मग उठले, काचेच्या कपाटातून प्रमाण मीटरपट्टी काढली आणि टेप तिच्याशेजारी अंथरला. मनात एक आशा होती, की टेप चुकीचा निघेल. तीनदा लावून पाहिला. केसाएवढाही फरक नव्हता. इतका चोख टेप त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी शिक्का मारला, सही केली. कारकून म्हणाला, "साहेब, तुमची नोकरीतली शेवटची सही, आणि ती स्वतःच्या गाडीवर मारलीत."

टेप परत पोचवायला ते स्वतःच गेले. आवारात लिंबू रंगाची गाडी उभी होती. जाता जाता सहज म्हणून त्यांनी तोच टेप नव्या रिंगेवर धरला. या काठापासून त्या काठापर्यंत. सतरा इंच, वर थोडंसं.

रिंग सोळाची होती. पावतीवर सोळा होतं. आता लिहिलेल्यावर जायचं नाही हे खरं, पण टेप चुकला म्हणायचीही सोय नव्हती, शिक्क्याची शाई अजून ओली होती. मापसाहेब उन्हात उभे राहिले. सोळाची रिंग सतरा भरते. मग जी सोळा भरली होती, ती कितीची? वहीतली बारा मापं त्यांना एकेक करून आठवायला लागली. टेप निरीक्षकाच्या हाती देऊन ते चालतच टायरवाल्याकडे गेले.

टायरवाल्याने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग कोपऱ्यातून एक नुसती रिंग आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोट काठावरून आतल्या खोबणीपर्यंत नेलं.

"टायर इथे आत बसतो साहेब. चाकाचं माप हे. बाहेरचा काठ नुसता टायर सुटू नये म्हणून असतो. तो दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच, जरा जास्तच, बाहेर येतो. तो मोजायचा नसतो."

मापसाहेबांनी स्वतःचं बोट खोबणीतून फिरवून पाहिलं.

"माप रेघेपर्यंत, काठापर्यंत नाही," टायरवाला हळूच म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत मला. पाऊण तास."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की, साहेब. पहिल्याच दिवशी. पण तुमच्या हातात टेप होता."

मापसाहेबांना राग यायला हवा होता. आला नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी किती दुकानदारांना असंच स्टुलावर बसवून समजावलं असेल, आणि त्या प्रत्येकाचा चेहरा त्या वेळी कसा दिसत असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा आतून कळत होतं. ते म्हणाले, "चुकलं माझं." हे वाक्य ते कधी बोलले नव्हते, त्यामुळे जरा मोठ्याने बोललं गेलं आणि पंक्चर काढणाऱ्याने वळून पाहिलं.

"पंधराचे चार मी तेव्हाच बाजूला काढून ठेवलेत," टायरवाला म्हणाला. "म्हटलं, साहेब येतील. रिंगा मात्र जुन्याच लागतील. भंगारात दिल्यात ना?"

घरी बायको गॅलरीत होती. मापसाहेबांनी तिला सगळं सांगितलं, बारा वेळा मोजल्यापासून ते टेपवरच्या सहीपर्यंत. हसायचं तिथे ती हसली, आणि सहीपाशी तिने हातातली झारी खाली ठेवली. मग तिने कुंड्या एकेक करून उचलल्या, खाली जमिनीवर ठेवल्या आणि रिंगा फडक्याने पुसायला घेतल्या.

"मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं," ती म्हणाली. "पंधरा."

"हो," मापसाहेब म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी तरुण निरीक्षकाने चाक मोजलं. टेपवर मापसाहेबांचा शिक्का होता. माप कागदाला तंतोतंत जुळलं, आणि त्याने पक्का कागद दोन्ही हातांनी पुढे केला. त्यानंतर मापसाहेब डावीकडे वळले, मुद्दाम, दोन वेळा.

निरोपाचा कार्यक्रम जसे असतात तसा झाला. लोकांनी भाषणांतून त्यांच्या अचूकपणाची स्तुती केली आणि त्यांनी मान खाली घातली, ती सगळ्यांना विनयाने घातलीय असं वाटलं. बाहेर आले तर मेहुणा फाटकाशी उभा, हातात त्यांना मिळालेला पुष्पगुच्छ, स्कूटर पंक्चर.

"भावजी, मला तेवढं घरापर्यंत सोडा. चाक मात्र सोळाचंच भारी दिसत होतं हं."

बायको आधी एक पाय, मग डोकं, अशी खाली उतरून सीटवर बसली होती. तिने पदर सावरला, भावाच्या हातातून पुष्पगुच्छ काढून मांडीवर घेतला आणि मान वळवून सीटच्या मागे पाहिलं. तिथे नुसता पत्रा होता. ती तो बराच वेळ बघत राहिली.

"यात मागे कुणी बसतच नाही, नाही?" ती मापसाहेबांना म्हणाली.

मापसाहेबांनी किल्ली उलटी घातली, मग काढून सुलटी घातली.

"बसने ये रे," बायको भावाला म्हणाली. "थांबा समोरच आहे."